एकाच प्लॉटवर तिघांचं संशोधन

प्रिय आई,

'प्रिय' लिहिलं आणि पेन थांबलं. तू असतीस तर त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून शेजारी 'पुरावा?' असं लिहिलं असतंस. राहू दे. पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून लिहिलंय.

आज लिहायला बसले ते तुझ्या हॉस्पिटलमुळे. ते तुझ्यावर स्मरणिका काढताहेत. तुझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, "ताई, मॅडमची घरातली बाजू कुणालाच माहीत नाही. दोन पानं द्या ना. जरा हळवं झालं तरी चालेल." हळवं! मी लिहिलं की. वात्सल्य, संस्कार, ज्ञानाची तळमळ, सगळं घातलं. तुझ्या लेकाने, मिलिंदने वाचलं आणि विचारलं, "छान आहे. कोण होत्या या बाई?"

मग ते फाडलं. तुझ्याबद्दल लोकांना खोटं सांगण्यापेक्षा तुलाच खरं सांगणं सोपं. शिवाय आता तू मध्ये बोलू शकत नाहीस. आपल्या घरात ही सोय पहिल्यांदाच झालीय.

बिबवेवाडीच्या त्या घरात जेवताना भाजीपेक्षा शंकाच जास्त वाढल्या जायच्या, आठवतं? बाबा पोस्टातून थकून यायचे आणि मुकाट्याने वरणभात कालवायचे. तू आम्हा दोघांची उलटतपासणी घ्यायचीस. "कशावरून? किती वेळा बघितलंस? उलट का असू नये?" आम्ही शाळकरी पोरं होतो, आई! शेजारच्या घरी मुलांना विचारायचे, अजून एक पोळी हवी का.

एकदा मी एक गांधीलमाशी बाटलीत धरून आणली होती. पोळं करून राहणारी नव्हे. मातीत बीळ करणारी, एकेकटी राहणारी. तुला दाखवायला धावत स्वयंपाकघरात आले. तू बाटलीकडे मान वळवूनही बघितलं नाहीस. म्हणालीस, "याने कुणाचा खोकला थांबणार आहे?"

पुढे आयुष्यभर तेच वाक्य. प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा तेच. त्याच माश्यांवर पीएच.डी. करायचं ठरवलं तेव्हाही तेच. लग्न करणार नाही म्हणाले तेव्हा मात्र नुसतं "बरं" म्हणालीस.

मिलिंदला तरी कुठे सोडलंस? इंजिनिअर झाला, सॉफ्टवेअर कंपनीत लागला. गल्लीतली निम्मी पोरं तेव्हा अमेरिकेला निघाली होती. हा मात्र नोकरी सोडून मॅनेजमेंटमध्ये संशोधन करायला बसला. विषय होता, माणसं चांगल्या नोकऱ्या मध्येच का सोडतात. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पगारासाठी. झालं. द्या याला डिग्री." तो हसला. तो नेहमी हसायचा. नंतर किती तरी वेळ गच्चीवर एकटा उभा राहायचा, ते तुला माहीत नव्हतं. की होतं?

तुझ्या लेखी संशोधन एकच. क्षयाचं. बाकी सगळे छंद.

हे कुठून आलं ते मला कळत नाही असं नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तू त्यांच्या खांद्यावर होतीस. चंद्रपूरकडच्या त्या खेड्यातून डॉक्टर होणारी पहिलीच. इथे पुण्यात वॉर्डात पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्याने तुझं आडनाव विचारलं आणि मग "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा" म्हणाला. तू त्याच्याच छातीला स्टेथोस्कोप लावलास आणि सांगितलंस, "दुसरं कुणी येईपर्यंत तुम्ही टिकणार नाही." ही गोष्ट तू अभिमानाने सांगायचीस. आम्हीही अभिमानाने ऐकायचो. त्या म्हाताऱ्याशी जशी बोललीस तशीच पुढे सगळ्यांशी बोलत राहिलीस, हे लक्षात यायला आम्हाला वेळ लागला.

"फुलपाखरं बघत बसायला पोटभर जेवलेल्या सात पिढ्या मागे लागतात," तू मला म्हणाली होतीस. "आपली पहिलीच जेवतेय."

 

आता हडपसरच्या पुढे, मांजरी गावातल्या आपल्या प्लॉटबद्दल.

बाबांनी तो घेतला तेव्हा चहूकडे ऊस होता. कागद तुझ्या नावावर. बाबा गेल्यावर तिकडे कुणी फिरकेना, म्हणून तो माझ्या उपयोगाचा झाला. कालव्याकडच्या बाजूला उन्हात तापणारा एक मातीचा बांध होता, आणि त्यात माझ्या माश्यांची बिळं. प्रत्येक मादीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन मी तिथे छत्री घेऊन बसायचे. कोण कुठे खणते, कोणती अळी आणते, पुढच्या वर्षी तिच्या मुली त्याच बांधात येतात का. हडपसरहून पुढे बस मिळाली तर बस, नाहीतर मिळेल त्या टेम्पोत. वर्षानुवर्षं! माझा अख्खा प्रबंध त्या बांधात होता.

एके सकाळी गेले तर तिथे जेसीबी उभा. बांध अर्धा गेला होता. उकरलेल्या मातीवर माश्या घिरट्या घालत होत्या, आपलं दार शोधत. ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, बाजूला व्हा, माती उडंल!"

मी फाट्यावरच्या बूथवरून तुला फोन लावला.

"हो, विकला," तू म्हणालीस. "सांगायचं राहिलं."

"राहिलं?"

"सांगितलं असतं तर रडली असतीस. आता रडते आहेस. फरक काय पडला?"

आणि फोन ठेवलास. ओपीडीची वेळ झाली होती.

का विकलास ते मला मिलिंदकडून कळलं. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरचा तुझा प्रकल्प होता, त्याचं अनुदान मध्येच बंद झालं होतं. माणसं निम्म्या उपचारावर होती. तू प्लॉट विकलास आणि त्यांची औषधं चालू ठेवलीस. ती माणसं जगली. त्यांतल्या काहींना मी स्वतः भेटलेय. एक जण बिबवेवाडीत भाजीची गाडी लावतो, मला कोथिंबीर फुकट देतो.

हेच तुझं सगळ्यात मोठं क्रौर्य, आई. तू चुकली असतीस तर किती सोपं झालं असतं!

पुढे त्या जागेवर उंच इमारती आल्या. कंपन्यांतली तरुण मुलं राहायला आली. मिलिंदला मुलाखती द्यायला माणसं हवी होती, ती त्याला तिथेच लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये भेटली. म्हणजे बघ, एकाच प्लॉटवर तिघांचं संशोधन झालं. तू विकून केलंस, त्याने वर बांधलेल्या मजल्यांवर केलं. माझं खाली इमारतींच्या पायात गाडलं गेलं.

मी नव्याने सुरुवात केली. थोडं पुढे, कालव्याच्याच दुसऱ्या काठावर. पदवी मिळायला उशीर झाला, एवढंच. खुल्या तोंडी परीक्षेला कुणीही येऊ शकतं, तशी तू आलीस. पहिल्या रांगेत, पांढरी साडी, मांडीवर पर्स. मला वेड्यासारखं बरं वाटलं. आई आली!

परीक्षकांचे प्रश्न संपले. अध्यक्षांनी विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही? तू हात वर केलास.

"पहिल्या ठिकाणची निरीक्षणं अर्धवट आहेत. ती का?"

तू कोण हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी तुझ्याकडे बघत राहिले. तू पापणीही हलवली नाहीस.

"ती जागा नष्ट झाली," मी म्हणाले.

"कशाने?"

"मालकाने विकली."

"मग मालकाची लेखी परवानगी आधी घेतली नव्हतीत का? काम सुरू करण्यापूर्वी हे बघायला नको?"

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा रास्त आहे." मी म्हणाले, "पुढच्या वेळी घेईन." परतताना रिक्षात तू बाहेर बघत होतीस. स्वारगेटच्या सिग्नलला म्हणालीस, "उत्तर बरं दिलंस. आवाज कापत होता तेवढा."

हे कौतुक होतं का गं? मी अजून ठरवू शकलेली नाही.

आणि एक सकाळ आहे, ती मी कुणालाच देणार नाही, स्मरणिकेला तर नाहीच. तू निवृत्त झाली होतीस. घरात बसून कंटाळलीस आणि एका रविवारी न विचारता माझ्याबरोबर कालव्यावर आलीस. एक मादी आपल्यापेक्षा मोठी अळी ओढत बिळाकडे चालली होती. तू वाकलीस. चष्मा काढून पुसलास. पुन्हा वाकलीस.

"मेलीय का ती अळी?"

"नाही. डंख मारून बधिर केलीय. जिवंत राहिली म्हणजे कुजत नाही. पिल्लाला ताजी मिळते."

"मरू न देता बधिर?" तू तशीच वाकून. "इतका नेमका डोस तिला कसा कळतो?"

"तेच तर शोधतेय, आई."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

मी हसले. तुला खरंच कळलं नाही मी का हसले. तू तिथे ऊन चढेपर्यंत बसलीस. पाणी प्यायलाही उठली नाहीस. परतताना म्हणालीस, "इंटरेस्टिंग आहे. माणसाला उपयोग काही नाही म्हणा."

त्यानंतर वर्षभरात तू खोकायला लागलीस.

क्षय. तोही औषधांना दाद न देणाऱ्यांपैकी. आयुष्यभर ज्यांच्या तोंडासमोर उभी राहिलीस, त्यांच्यापैकी कुणाचा तरी. तू स्वतःचा एक्स-रे खिडकीशी धरून आम्हाला तो दाखवत होतीस, जणू दुसऱ्याच कुणाचा. "हे बघा, इथे." औषधं सुरू झाली. काही महिन्यांनी तू तरतरीत झालीस, पुन्हा आमच्या चुका काढायला लागलीस, तेव्हा आम्ही निर्धास्त झालो.

मग एकदम कोसळलीस, तुझ्याच वॉर्डात दाखल करावं लागलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "औषध मध्ये बंद होतं का?" आम्ही म्हटलं, छे! आमची आई? उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना तिने पायरीवर उभं करून झाडलंय.

आत तू छताकडे बघत होतीस. मी विचारलं, "आई, कधी सोडलंस?"

तू तारीख सांगितलीस. वारासकट. हिशेबाला तू पक्कीच.

मिलिंद पलंगाच्या कडेला बसला. त्याने विचारलं, "का सोडलंस?"

त्याने परक्या भाषेत काही विचारावं तशी तू त्याच्याकडे बघितलंस.

"का म्हणजे?"

"म्हणजे का."

तू पुन्हा छताकडे बघितलंस. मग म्हणालीस, "गोळ्या नुसत्या बघितल्या तरी पोटात ढवळायचं. कानात सतत शिट्टी. पण ते सोसलं असतं. गोळ्या घेतल्या की मी पेशंट व्हायचे, मिलिंद. नाही घेतल्या की डॉक्टर."

त्याने मान हलवली. हसला नाही. "तुझ्या पेशंटनी सोडलं की तू त्यांना विचारायचीस?"

"कधी सोडलं ते विचारायचे."

"आणि का?"

"का विचारून काय करायचंय? मूर्खपणा. दुसरं काय असणार!"

बोललीस आणि काय बोललीस ते तुझ्याच लक्षात आलं. तू भिंतीकडे कूस बदललीस. ज्या विषयाला तू 'पगारासाठी, झालं' म्हणून निकालात काढलं होतंस, त्याच विषयाने तुला पलंगावर गाठलं. मला बरं वाटलं. लपवत नाही. तुझ्या अंगावर चादर ओढली आणि बरं वाटलं.

तू त्याच वॉर्डात गेलीस. मिलिंदने मेडिकल कॉलेजला फोन केला, कारण तुझं देहदान अख्ख्या बिबवेवाडीला माहीत होतं. "मेल्यावरही विद्यार्थ्यांना शिकवीन. तुमच्यासारखी राख होणार नाही." किती जणांना ऐकवलंस हे!

पलीकडे एक तरुण डॉक्टर होता. नम्र मुलगा. मिलिंदने फोन स्पीकरवर टाकला होता.

"सॉरी सर, टीबी असेल तर बॉडी घेता येत नाही. स्टुडंट्सना रिस्क असते. रूल आहे."

"अहो, त्या टीबीच्याच डॉक्टर होत्या."

"माहीत आहे सर. हा रूल आम्हाला मॅडमनीच शिकवलाय."

मी कॉरिडॉरमध्ये हसत सुटले. भिंतीला टेकून, तोंडावर ओढणी दाबून. नर्सला वाटलं रडतेय, ती पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळ्यांना नापास करणाऱ्या बाईला शेवटी तिच्याच विषयाने नापास केलं! तुला नियम माहीत होता. मग आम्हाला सांगितलं का नाहीस? सांगायचं राहिलं?

विद्युतदाहिनीत नेलं. त्रिशरण, पंचशील म्हणताना मिलिंदचा आवाज फुटला. माझा नाही.

पुण्यानुमोदनाच्या सभेला हॉल भरला होता. तुझे सहकारी बोलले, विद्यार्थी बोलले. मॅडम कडक होत्या पण आतून मऊ होत्या, असं प्रत्येकाने सांगितलं. आतून मऊ! एवढ्या लोकांना दिसलं, आम्हालाच कसं दिसलं नाही?

मग मागून एक माणूस उठला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. हडपसरला राहतो, कंपनीच्या मुलांची गाडी चालवतो, असं त्याने सांगितलं. त्याला माईक धरायची सवय नव्हती.

"बाई लई मोठ्या हुत्या. माझा आजार त्यांनीच बरा केला. आज हाय तो त्यांच्यामुळं हाय." लोकांनी माना डोलावल्या. "माझ्या बायकोलाबी तोच आजार झाला. तिला गोळ्या सोसंनात. सारखी उलटी. मधी थांबली ती. मीच समजूत घालून परत घेऊन आलो, तवा बाई समद्या वॉर्डादेखत म्हणाल्या, मरायचं असंल तर घरी मर, हितं खाट अडवू नको."

त्याने माईक दुसऱ्या हातात घेतला.

"तिनं तसंच केलं," तो म्हणाला.

संयोजक माईक घ्यायला पुढे सरकले. मिलिंदने त्यांचा दंड धरला.

"माझा राग न्हाय बाईंवर. समदे चांगलंच बोलत हायती, म्हणून म्हटलं, हे बी सांगावं." माईक कुणाकडे द्यायचा ते त्याला कळेना. त्याने तो खुर्चीवर ठेवला आणि खाली बसला.

तुझ्या शोधनिबंधांत मध्येच उपचार सोडणाऱ्यांसाठी एक शब्द असायचा, आई. 'संपर्क तुटला.' मी ते निबंध वाचलेत. तू माझा प्रबंध कधी उघडला नाहीस, पण मी तुझं सगळं वाचलंय. किती नीटस दिसतो तो शब्द! जणू वारा सुटला आणि तार तुटली. तोडली कुणी, ते लिहायची पद्धत नाही.

तो चपला घालत होता तेव्हा आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. मिलिंदने विचारलं, "आम्ही तुमच्या घरी आलो तर चालेल?"

"कशाला?"

"वहिनींना काय व्हायचं, त्या काय म्हणायच्या, ते ऐकायचंय."

"आता?"

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो. आता."

त्याने आमच्याकडे बघितलं, एकदा तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं. "रविवारी या. गाडी नसती तवा."

म्हणून आम्ही रविवारी जातोय. आणि त्याच्यानंतर दुसऱ्यांकडे. हडपसर, मांजरी, बिबवेवाडी, जिथे कुणी उपचार सोडून घरी बसलंय तिथे. तुझ्या हॉस्पिटलने होकार दिलाय, तुझी ती विद्यार्थिनी बरोबर येणार आहे. मिलिंद विचारेल, त्याला 'का' विचारता येतं. मी नुसती बसेन. बिळाच्या तोंडाशी न हलता बसणं, आतलं आपणहून बाहेर येईपर्यंत, एवढं एकच काम मला नीट येतं. त्यातून किती जणांचा खोकला थांबेल ते माहीत नाही. तुला पटणार नाही. नको पटू दे.

तुला वचन देते ते एवढंच. त्या माणसाच्या घरी आम्ही तुझी बाजू मांडणार नाही. तो तुझ्याबद्दल जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐकू. 'ती आतून मऊ होती' असं माझ्या तोंडून निघणार नाही. तू त्याला वाचवलंस हेही त्याला पुन्हा ऐकवणार नाही. ते तो रोज श्वास घेतो तेव्हा त्याला कळत असेल.

सगळे म्हणताहेत, या कामाला मॅडमचं नाव द्या. नाही देणार. निघताना मी त्याला बायकोचं नाव विचारलं होतं. त्याला क्षणभर सांगता येईना, इतक्या दिवसांत ते त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. मग म्हणाला, मंगल.

तिचं देणार आहोत.

तुझी मुलगी,
सुजाता